पुण्यातली 'देशी लँडस्केप' सेवा: पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे पाण्यात जातात

बाणेर, बावधन, भूगाव, उंड्री, वाघोली, जिथे नवे बंगले आणि रो-हाऊस उभे राहताहेत तिथे आर्किटेक्टच्या आराखड्यासोबत आता 'देशी, शाश्वत लँडस्केप'चं वेगळं कोटेशन येतं. जागेची पाहणी, माती भरणं, देशी झाडं-झुडपं, ठिबक, पाणी जिरवण्याची सोय, फरसबंदी आणि एक वर्षाची देखभाल, असं साधारण त्याचं स्वरूप असतं. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. पुण्यात ही सेवा ज्या रूपात विकली जाते, त्या रूपाचं आहे.

सेवा घ्यावी का? जरूर घ्यावी, पण काम प्लिंथच्या (जोत्याच्या) आधी सुरू होणार असेल तरच पूर्ण पॅकेज घ्यावं. घर पूर्ण झाल्यावर येणाऱ्या लँडस्केपवाल्याच्या हातात फक्त झाडं निवडणं उरतं. अंगणाची पातळी ठरून गेलेली असते, गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणारे डाऊनटेक पाईप प्लंबरला सोयीचे पडले तिथे उतरलेले असतात, ड्राइव्हवेचं काँक्रीट पडलेलं असतं आणि त्याखालून ठिबकची लाइन न्यायला 100 मिलिमीटरचा साधा पीव्हीसी पाईपही कुणी टाकलेला नसतो. मग तीच लाइन कंपाउंडच्या कडेकडेने उघडी फिरते आणि पुढे उन्हाने ठिसूळ होऊन फुटते. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि लँडस्केपवाला हे तिघे एका टेबलाशी बसले नसतील, तर कोटेशनमधल्या 'शाश्वत' या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत.

उन्हाचा हिशेब आराखड्यात आहे का?

सादरीकरणात हमखास एक वाक्य असतं: 'दक्षिण-पश्चिमेला पानगळीची झाडं, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन.' हा सल्ला थंड देशांसाठी बरोबर आहे, पुण्यात तो दोन्ही बाजूंनी चुकतो.

आधी दिशेचं बघू. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत उत्तरेकडेच कललेला राहतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दुपारचं ऊन फारसं लागतच नाही, 600 मिलिमीटरचा छज्जा तिथे पुरतो. खरी तापते ती पश्चिमेची बाजू. मेच्या मध्यावर दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण 33 अंशांवर आणि नेमक्या पश्चिमेपासून दहाएक अंश उत्तरेला असतो. त्या वेळी 2.4 मीटर उंचीची काच पूर्ण सावलीत ठेवायची तर साडेतीन मीटरहून लांब छज्जा लागेल, आणि तेवढा कुणी काढत नाही. काचेपासून 4 मीटरवरचं झाड मात्र 5 मीटर उंच झालं की हेच काम करतं. साडेतीनच्या उन्हासाठी त्याच झाडाला जवळपास 7 मीटर उंची गाठावी लागते. म्हणजे सावलीची झाडं पश्चिमेला आणि वायव्येला हवीत. आराखड्यात ती नैऋत्येला दिसली तर उन्हाचा हिशेब कुणी केलेला नाही असं समजावं.

दुसरी चूक झाडांच्या वेळापत्रकाची. आपल्याकडे पानगळ हिवाळ्याच्या शेवटाला सुरू होते. पळस, पांगारा, काटेसावर, मोई, साळई ही सगळी टेकड्यांवरची अस्सल स्थानिक झाडं मार्च-एप्रिलमध्ये निष्पर्ण असतात. बहावा फुलतो तेव्हा पानं जेमतेम असतात. पश्चिमेच्या काचेसमोर यांतलं कुठलंही झाड लावलं, तर नेमक्या गरजेच्या दोन महिन्यांत सावली नसते. तिथे करंज, कडुनिंब, जांभूळ किंवा बकुळ लावावा. करंज आणि कडुनिंब पानं टाकतात, पण एप्रिलपर्यंत नवी पालवी दाट होते. बकुळ सदाहरित आहे, वाढायला सावकाश, पण भिंतीपासून 3 ते 4 मीटरवर निर्धास्त लावता येतो. करंजाच्या पानांवर गाठी येतात. त्या एका सूक्ष्म कोळ्यामुळे (माइट) होतात आणि झाडाचं काही बिघडत नाही. त्यासाठी देखभालीत फवारणी विकली जात असेल तर ती ओळ खोडावी. पळस-पांगाऱ्याला पूर्वेला किंवा प्लॉटच्या कोपऱ्यात जागा द्यावी. पांगारा आणि काटेसावर फुलले की साळुंक्या आणि पळसमैना दिवसभर तिथे असतात, आणि ते दृश्य दिवाणखान्याच्या खिडकीतून दिसेल अशी जागा काढणं हे खरं डिझाइन. दोन्हींचं लाकूड ठिसूळ आहे, फांद्या मोडतात. गाडी उभी राहते तिथे आणि छपराजवळ ती नकोत.

झाड मोठं होईपर्यंतची चार-पाच वर्षं काय करायचं, याचं उत्तर बहुतेक पॅकेजमध्ये नसतं. भिंतीपासून 450 मिलिमीटर पुढे गॅल्व्हनाइज्ड जाळीची चौकट आणि तिच्यावर कुसर किंवा मोरवेल, हा उपाय दोन पावसाळ्यांत सावली देतो. माधवीलता सुंदर आहे, पण तिचं खोड लाकडी आणि जड होत जातं, तिला हलकी जाळी पुरत नाही. चौकट भिंतीला चिकटवली तर मधली हवा खेळत नाही आणि रंगकाम करायची वेळ आली की सगळी वेल कापावी लागते.

माती आणि निचरा: इथेच सगळं ठरतं

कोटेशनमध्ये मातीची ओळ बहुधा एकच असते: 'लाल माती आणि शेणखत, इतके ब्रास.' सगळ्यात जास्त वेळ याच ओळीवर घालवावा, कारण पुण्यात झाडं मरतात ती बहुतेक मातीमुळे आणि साचलेल्या पाण्यामुळे.

जमीन बसाल्टची आहे. टेकडीच्या उतारावर फूटभर मुरूम आणि खाली कातळ, सखल भागात आणि पूर्वेकडे काळी माती. त्यावर बांधकामाचा राडारोडा, वाळलेलं सिमेंट, चुन्याचे ढेकळ. मुरमात एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घेतला, त्यात भुसभुशीत लाल माती भरली, की तो खड्डा कातळातली बादली होतो. जुलैत आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं, बाहेर जायला वाट नसते, मुळं कुजतात, आणि सप्टेंबरात पानं पिवळी पडली की 'पाणी कमी पडतंय' म्हणून वर आणखी पाणी घातलं जातं.

चाचणी सोपी आहे आणि ती पाहणीत असलीच पाहिजे. झाडाचा खड्डा पाण्याने पूर्ण भरायचा, ते पाणी जिरू द्यायचं, मग पुन्हा भरायचा आणि दर तासाला पट्टीने मोजायचं. तासाला 25 मिलिमीटर किंवा जास्त उतरलं तर निचरा चांगला. 10 मिलिमीटरच्या खाली असेल किंवा दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर त्या खड्ड्यात तसंच झाड लावू नये. उपाय दोन आहेत. उतार असेल तर खड्ड्याची खालच्या अंगाची कड फोडून 300 मिलिमीटर रुंद चर बाहेरपर्यंत काढायचा आणि त्यात 20 ते 40 मिलिमीटरची खडी भरायची. सपाट जागा असेल तर 300 ते 450 मिलिमीटर उंच, पसरट उंचवटा करून त्यावर झाड लावायचं. उंचवट्याचा व्यास किमान दीड-दोन मीटर हवा, नाहीतर पहिल्याच पावसात तो धुपतो.

बाहेरची लाल माती जितकी कमी तितकं बरं. ती कुठल्यातरी डोंगराची वरची माती असते, आणि एक डोंगर बोडका करून दुसरीकडे देशी बाग करण्यात काय अर्थ आहे? शिवाय आजूबाजूच्या मुरमापेक्षा ती इतकी वेगळी असते की मुळं त्या खड्ड्यातच घुटमळतात, बाहेर शिरत नाहीत. खोदलेलीच माती चाळून, राडारोडा वेचून, तिच्यात चौथा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळलं तर बहुतेक स्थानिक झाडांना ते पुरतं. म्हणून पायाचं खोदकाम सुरू होण्याआधी वरची 150 ते 200 मिलिमीटर माती वेगळी काढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा टप्पा आहे. ढीग दीड मीटरपेक्षा उंच करू नये आणि तो सिमेंट कालवायच्या जागेपासून लांब असावा.

सिमेंटचा मुद्दा बारीक वाटतो, पण सोनचाफा, अनंत किंवा सीता अशोक लावणार असाल तर तोच सगळ्यात मोठा आहे. पुण्याची माती मुळातच विम्लतेकडे (अल्कलीकडे) झुकलेली, सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ. त्यात सिमेंट-चुना मिसळला आणि बोअरचं जड पाणी सुरू झालं की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. अशा वेळी माळी युरिया टाकतो, त्याने काही साधत नाही. एवढ्या सामूला ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोहही (मुळांना घेता यावं म्हणून रसायनात बांधलेलं लोह) टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं मागावं लागतं. त्याहून बरं म्हणजे ही तीन झाडं घराच्या भिंतीलगत, जिथे गवंड्याने सिमेंटचा मसाला सांडलेला असतो, तिथे लावूच नयेत. माती संशयास्पद वाटली तर मूठभर मातीवर व्हिनेगर ओतून पाहा. फेस आला तर चुना भरपूर आहे.

भिंतीलगत वाफे करण्याची आधुनिक घरांमध्ये मोठी हौस आहे: काच, तिच्या पायाशी थेट हिरवळ. आराखड्यात छान दिसतं, पण पुण्यात त्याचे तीन तोटे आहेत. प्लिंथभोवती वाळवीविरोधी औषधाचा थर असतो. वाफ्यासाठी ती माती खणली की थर तुटतो आणि पुन्हा उपचार करावा लागतो. काळ्या मातीत रोजच्या पाण्याने पायालगतची जमीन फुगते आणि पाणी थांबलं की आकसते, मग प्लिंथ प्रोटेक्शनला (जोत्याभोवतीच्या फरसबंदीला) भेगा जातात. आणि पावसाचे थेंब मातीवर आपटून पांढऱ्या भिंतीवर गुडघाभर तांबडे डाग पडतात. म्हणून घराभोवती 900 मिलिमीटर ते एक मीटरचा पट्टा शहाबाद फरशीचा किंवा खडीचा ठेवावा आणि त्याला बाहेरच्या बाजूला 40 ला 1 असा ढाळ द्यावा. टेकडीलगतच्या सोसायट्यांमध्ये घोणस दिसते, तिथे दारापाशी हा मोकळा पट्टा असणं आणखी गरजेचं.

प्लॉटवर आधीच उभ्या असलेल्या झाडांसाठी वेगळी ओळ मागावी. तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण परवानगीशिवाय झाड मारायची रीत रोज चालते: बुंध्याला दोन फूट मुरूम चढवायचा आणि त्यावर सळया रचायच्या. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी वाळतं. फांद्यांच्या घेरापर्यंत पत्र्याचं कुंपण, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. हे ज्या कोटेशनमध्ये लिहिलेलं असेल त्या माणसाला झाडं कळतात.

पावसाचं पाणी आणि फरसबंदी

शिवाजीनगरला वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, पश्चिमेला मुळशीकडे सरकावं तसा वाढत जातो. 100 चौरस मीटर गच्चीवरून वर्षाला 55 ते 60 हजार लिटर पाणी सहज मिळतं. 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संचयन 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे बंधनकारकच आहे, त्यामुळे शोषखड्डा प्रत्येक कोटेशनमध्ये असतो. प्रश्न त्याच्या मापाचा आहे.

एक मीटर बाय एक मीटर आणि दीड मीटर खोल, आत खडी भरलेला खड्डा हे ठरलेलं माप. खडीमधली मोकळी जागा साधारण 40 टक्के धरली तर त्यात 600 लिटर मावतात. तासाला 50 मिलिमीटरचा पाऊस आला तर 100 चौरस मीटर गच्चीवरून मिनिटाला 80 लिटरहून जास्त पाणी येतं, आणि खड्डा सात-आठ मिनिटांत भरतो. पुढे काय? पुढचं पाणी कुठे जाणार हे आराखड्यात बाणाने दाखवलेलं नसेल तर ते गॅरेजमध्ये किंवा शेजाऱ्याकडे जातं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुणेकरांच्या लक्षात आहे. म्हणून जिरवणं आणि वाहून नेणं या दोन्हींची सोय हवी: शोषखड्ड्याच्या वर ओव्हरफ्लोचा पाईप, तो पावसाळी गटारापर्यंत.

आम्हाला सगळ्यात पटलेली मांडणी अशी आहे: डाऊनटेकचं पाणी थेट खड्ड्यात न नेता आधी 150 ते 200 मिलिमीटर खोल पसरट खोलगटात सोडायचं, तिथे वाळा आणि निर्गुडी लावायची, आणि तिथून वाढावा शोषखड्ड्यात. गाळ खोलगटातच बसतो, खड्ड्याची खडी वर्षानुवर्षं बुजत नाही. खोलगटातलं पाणी 24 तासांत उतरलंच पाहिजे, नाहीतर डासांचं घर. वर सांगितलेल्या चाचणीत निचरा वाईट आला असेल तर ही कल्पना त्या जागी सोडून द्यावी. पाणी बोअरमध्ये सोडणार असाल तर पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढणारी सोय आणि गाळणी लागतेच. 100 चौरस मीटर गच्चीसाठी पहिले 100 ते 200 लिटर सोडून द्यायचे.

फरसबंदीत 'पाणी झिरपणारे पेव्हर' अशी ओळ असते आणि तिचा दरही जास्त असतो. इथे फसगत सर्रास होते. गवंड्याच्या हाताला पीसीसीची (सळईविना साध्या काँक्रीटची) सवय असते. तो खाली 100 मिलिमीटर पीसीसी टाकतो, वर ग्रास पेव्हर बसवतो, पेव्हरच्या भोकात माती भरतो. ते गवत मेपर्यंत मरतं आणि पाणी एक थेंबही जिरत नाही. बरोबर पद्धत म्हणजे दाबलेल्या मुरमावर 150 मिलिमीटर जाडीचा 40 मिलिमीटर खडीचा थर, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यावर 40 ते 50 मिलिमीटर कच आणि मग पेव्हर किंवा 20-25 मिलिमीटर सांधे सोडलेली जाड शहाबाद. तपासणी एका बादलीची: ओतलेलं पाणी बसल्या जागी नाहीसं झालं पाहिजे. पायाच्या खोदकामातून निघालेला काळा दगड साइटवर पडलेला असतो. त्याच्या पायऱ्या, बांध आणि बसायचे कट्टे करून देणारा लँडस्केपवाला मिळाला तर तो सोडू नये. कोरड्या रचाईचा दगडी बांध नव्या काँक्रीटच्या घराशेजारी जितका शोभतो तितकं बाहेरून आणलेलं दुसरं काहीही शोभत नाही, आणि त्याच्या फटींतून पाणी आपोआप निचरतं.

बाल्कनीतले आणि गच्चीवरचे प्लांटर

एलेव्हेशनमध्ये (घराच्या दर्शनी चित्रात) पुढे आलेल्या बाल्कन्यांना हिरवी कड दाखवतात. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला 1,600 ते 1,800 किलो धरा. 300 मिलिमीटर माती म्हणजे चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास, तर राहत्या घराच्या मजल्याचा वापरभार साधारण 200 किलो धरून डिझाइन करतात. स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये प्लांटरचा भार लिहिलेला नसेल तर तिथे हलक्या कुंड्यांपलीकडे जाऊ नये. कोकोपीट आणि पर्लाइट मिसळून वजन कमी होतं, तरी इंजिनिअरची सही हवीच.

वॉटरप्रूफिंगनंतर 48 तास पाणी साठवून चाचणी, मुळं रोखणारा थर, 30 मिलिमीटर ड्रेन सेल (पाणी वाहून जायला पोकळ प्लास्टिकचा थर), जिओटेक्स्टाइल आणि मग माती, हा क्रम. निचऱ्याचं तोंड 75 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ते तुंबणार. नुसत्या ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) माती टाकली तर मुळं विटांच्या सांध्यांत उतरतात आणि गळती खालच्या खोलीच्या छतात दिसते. अशा प्लांटरला वाळा, चित्रक, शतावरी, कोरांटी चालतात. वड-पिंपळाचं उगवलेलं रोप बोटभर असतानाच उपटावं.

झाडांची यादी आणि नर्सरी

यादीत प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव मागा. नुसतं 'अशोक' लिहिलं तर सरळसोट वाढणारा आसुपालव येतो. नुसतं 'बांबू' लिहिलं तर पिवळ्या दांड्यांचा शोभेचा बांबू येतो, आपल्या डोंगरातला मानवेल येत नाही. गुलमोहर, काशीद, रेन ट्री, सुबाभूळ, गिरिपुष्प ही सगळी बाहेरून आलेली आहेत, तरी 'देशी' यादीत सर्रास सापडतात. कोनोकार्पस तर कुंपणाला अजूनही लावला जातो. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

सोलापूर रस्त्याने उरुळीकांचनपर्यंत नर्सऱ्यांची रांग आहे, पण तिथला मुख्य माल पाम, लॉन आणि रंगीत पानांची झुडपं. वारस, मेडशिंगी, धावडा, मोई, आपटा अशी झाडं हवी असतील तर वन विभागाच्या रोपवाटिकांकडे आणि स्थानिक झाडांवरच काम करणाऱ्या छोट्या नर्सऱ्यांकडे आधीच्या हिवाळ्यात मागणी नोंदवावी लागते. मेमध्ये कोटेशन देऊन जूनमध्ये सगळी स्थानिक झाडं लावून देतो म्हणणारा ऐनवेळी जे मिळेल ते लावतो. यादीतली बरीच नावं बदलली जातात, आणि बदल कुणाच्या मंजुरीने होणार हे करारात नसतं. ते लिहून घ्या.

बारा फुटी तयार झाडाचा मोह टाळावा. इतकं मोठं झाड पिशवीत किंवा ड्रममध्ये वाढलेलं असतं, मुख्य मूळ कापलेलं, बाकीची मुळं गोल गुंडाळलेली. दोन ते तीन फुटी, एका पावसाळ्याचं निरोगी रोप पुढच्या काही वर्षांत त्याला गाठतं आणि वाऱ्यात उभं राहतं. पिशवी कापल्यावर मुळं गोल फिरलेली दिसली तर तीन-चार ठिकाणी उभे काप द्यावेत. बुंध्याभोवतीच वळसा पडला असेल तर रोप परत करावं.

झुडपांत धायटी, करवंद, अडुळसा, निर्गुडी आणि कुडा यांना आम्ही पूर्ण गुण देतो. धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर येतात, करवंदाचं कुंपण गुरं आणि माणसं दोन्ही थोपवतं. दाराजवळ कढीपत्ता किंवा बेल असेल तर त्यावर फुलपाखरांच्या अळ्या येतात आणि पानं खातात. माळ्याला आधीच सांगून ठेवा की फवारायचं नाही.

लॉनच्या जागी काय? उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरला दिवसाला साधारण पाच लिटर पाणी लागतं, म्हणजे 100 चौरस मीटरला रोज 500 लिटर. जिथे मुलं खेळणार तेवढाच तुकडा हरळीचा ठेवावा, बाकी ठिकाणी जलपिंपळी पसरू द्यावी. ती अधूनमधून पाय पडला तर सहन करते, रोजचा वावर नाही. पवन्या आणि मारवेल ही गवतं उतारावर सुरेख दिसतात, पण जानेवारी ते मे ती सोनेरी-तपकिरी आणि कोरडी असतात. बी पडल्यावर एकदा कापून घ्यावीत, आगीची भीती कमी होते. कुसळी मात्र वाटेपासून लांब ठेवावी, तिची कुसळं कपड्यांत आणि कुत्र्याच्या पंजात शिरतात. संगणकावर दाखवलेली चित्रं सगळी जुलैची असतात. करार करण्याआधी मे महिन्यातलं चित्र मागा, आणि ते पाहून घरातल्या सगळ्यांना चालणार आहे का ते विचारा.

ठिबक आणि पहिली दोन वर्षं

ठिबकचा संच स्वतःमध्ये बहुधा ठीक असतो: 16 मिलिमीटरची लॅटरल (झाडांपर्यंत जाणारी नळी), तासाला 4 लिटरचे ड्रीपर, 120 मेशची गाळणी. चुकतं ते वेळापत्रक. टायमर रोज दहा मिनिटांवर लावून ठेवतात, त्याने वरची दोन इंच माती ओली राहते आणि मुळं वरच फिरतात. झाडांची आणि झुडपांची लाइन वेगळी हवी. पहिल्या उन्हाळ्यात झाडाला तीन-चार दिवसांनी 15 ते 20 लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी 40 लिटर, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर ड्रीपर बुंध्यापासून सरकवत फांद्यांच्या घेराकडे न्यायचे. तिसऱ्या उन्हाळ्यात बहुतेक स्थानिक झाडांचं पाणी थांबवता येतं. सीता अशोक, ताम्हण यांना ते चालत नाही, कारण ती मुळात ओलाव्याची झाडं आहेत. बोअरच्या जड पाण्याने ड्रीपरवर पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा लॅटरलची टोकं उघडून पाणी सोडणं आणि गाळणी धुणं हे देखभालीच्या यादीत शब्दशः लिहिलेलं असावं.

आळ्यात वाळक्या पानांचं 75 ते 100 मिलिमीटर आच्छादन करावं, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून. अनेक देखभाल पॅकेजांत नेमकी उलटी ओळ असते, 'दररोज पालापाचोळा उचलणे'. ती बदलून घ्या.

एक वर्षाच्या देखभालीची तारीख नीट पाहा. लावणी जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, किंवा फार तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत झाली तरच पावसाळ्यात मूळ धरलेल्या झाडांना त्या वर्षात पहिला उन्हाळा येतो. गृहप्रवेशासाठी फेब्रुवारीत घाईने लावलेली झाडं मेपर्यंत मरतात आणि मग बदलून देण्यावरून वाद होतो. मेलेलं झाड बदलताना त्याच जातीचं, पुढच्या पावसाळ्यात, आणि खड्ड्याचा निचरा पुन्हा तपासून, असं करारात हवं. निचरा न बघता त्याच खड्ड्यात दुसरं रोप लावलं तर तेही जातं. एकूण रकमेतला दहा ते पंधरा टक्के भाग दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवावा. चांगले लँडस्केपवाले ही अट मान्य करतात, कारण तोवर झाडांनी मूळ धरलेलं असतं. घर आधीच बांधून झालेलं असेल तर पूर्ण पॅकेज घेऊ नका. निचऱ्याची चाचणी, ढाळाची दुरुस्ती आणि झाडांची यादी एवढ्या तीन कामांचे पैसे एखाद्या जाणकाराला द्या आणि लावणी पुढच्या जूनमध्ये स्वतःच्या माळ्याकडून करून घ्या.